बाजू बदलून बघितलं आणि प्रश्न सुटला – तुमचे अनुभव सांगा (आणि आमच्या बाबांच्या काठीचं काय करू?)

पावसाळी_दुपार | ३ जून, दुपारी २.४०

मंडळी, आधी एक घडलेली गोष्ट सांगतो, मग माझा प्रश्न.

आमचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर. बेडरूमच्या भिंतीला तीन वर्षं ओल. शेवटचा मजला म्हटल्यावर सगळ्यांचं बोट गच्चीकडे. एकदा गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा (पाणी झिरपू नये म्हणून घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) उकरून नवा केला, पुढच्या वर्षी त्यावर केमिकलचा थर दिला. सोसायटीत दोन सभा आणि एक भांडण झालं. ओल जागच्या जागी.

मग गेल्या एप्रिलमध्ये एक वयस्कर गवंडी आले. गच्चीवर गेलेच नाहीत. भिंतीला हात लावला, बायकोकडे पेन्सिल मागितली आणि ओलीच्या कडेकडेने रेघ मारून शेजारी तारीख लिहिली. "दर रविवारी अशीच रेघ मारा, मी महिन्याने येतो." बस्स. पैसेही घेतले नाहीत.

मे महिन्यात, पावसाचा टिपूस नसताना, डाग वीतभर सरकला. मधे आम्ही दहा दिवस गावी गेलो होतो, आल्यावर बघतो तर डाग आक्रसलेला! म्हणजे आम्ही घरात असलो की भिंत भिजते. पलीकडे बाथरूम आहे, गीझरला जाणारी पाइपलाइन त्याच भिंतीच्या पोटातून जाते. तिचा एक जोड झिरपत होता. टाइल्सची एक ओळ फोडली, चार हजारांत काम संपलं. तीन वर्षं आम्ही "पाणी कुठून येतं" हेच विचारत होतो, त्यांनी "कधी येतं" ते बघितलं.

तुमच्याकडे असं काही घडलंय का? ऐकायला आवडेल. पण खरं सांगायचं तर माझा स्वार्थ वेगळा आहे. बाबा ७९ वर्षांचे, उजवा गुडघा गेलेला. फेब्रुवारीत देवळाच्या पायरीवर पडले, नशिबाने फक्त खरचटलं. काठी घ्या म्हणून सगळे मागे लागलोत. घरात माझ्या काकांची सुंदर शिसवी काठी आहे, चांदीच्या मुठीची. काका दोन वर्षांपूर्वी गेले. रुबाबदार माणूस, आमच्या जुन्या घराच्या दारातून वाकून आत यायचे. बाबा ती काठी दोन दिवस वापरतात आणि दाराआड उभी करून ठेवतात. कारण विचारलं की एकच उत्तर, "ती दादाची आहे." नवीन आणू का म्हटलं तर "घरात आहे की काठी." आता बोला. अभिमान आहे की दुःख, कळत नाही. इथे कोणती रेघ मारू?

चकलीचा_काटा | ३ जून, दुपारी ३.०५

त्या गवंड्यांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बाकी चर्चा नंतर.

८_१२_ची_लोकल | ३ जून, दुपारी ३.२२

+१. मलाही नंबर. आमच्याकडे हॉलच्या कोपऱ्यात भारताचा नकाशा उमटलाय, या पावसाळ्यात श्रीलंकाही दिसायला लागेल.

बंड्या_सनीव्हेलकर | ३ जून, रात्री ९.५०

रेघेवरून अब्राहम वाल्ड आठवले. दुसऱ्या महायुद्धात कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांच्या गटात होते. लढाईवरून परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे किती याच्या नोंदी होत्या. पंखांवर आणि मधल्या धडावर भरपूर, इंजिनाच्या जागी कमी. साधा विचार असा की जिथे भोकं जास्त तिथे जाड पत्रा लावा. वाल्ड यांचं म्हणणं उलटं. ही विमानं परत आली आहेत, इंजिनावर मार बसलेली परत आलीच नाहीत, तेव्हा कमी भोकं दिसतात तिथेच जपा. त्यांची त्यावरची टिपणं १९४३ची.

अवांतर: याच वाल्ड यांचा मृत्यू १९५० साली आपल्याकडे, निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून झाला. भारतात व्याख्यानांसाठी आले होते. हे वाचलं तेव्हा चहा तसाच गार झाला होता.

शून्य_ते_नऊ | ४ जून, सकाळी ७.१५

मी गणित शिकवते, त्यामुळे हा धागा म्हणजे माहेरच. आमच्या सोसायटीत कॅरमची स्पर्धा होती, ३७ नावं आली. हरला तो बाद. सेक्रेटरी कागदावर झाड काढत बसले होते, पहिल्या फेरीत १८ सामने, एकाला बाय (न खेळताच पुढची फेरी), मग १९ उरले, पुन्हा बाय... दोनदा बेरीज चुकली. माझ्याकडे येणारी सातवीतली मुलगी म्हणाली, "काका, ३६ जण हरायला पाहिजेत ना? एका सामन्यात एकच हरतो." झालं. सामने ३६. सेक्रेटरी जिंकणाऱ्याच्या मागे जात होते, हिने हरणारे मोजले.

एक कोडं देऊन ठेवते. शनिवारी सकाळी सहाला पायथ्यापासून निघून तुम्ही सिंहगड चढलात. रमतगमत, ताक पीत. रात्री वर राहिलात. रविवारी सकाळी सहालाच वरून निघून त्याच वाटेने उतरलात. वाटेवर अशी एक जागा नक्की असेल का, जिथे दोन्ही दिवशी तुम्ही घड्याळाच्या त्याच ठोक्याला होतात? आकडेमोड करायची नाही.

खवट_काका | ४ जून, सकाळी ८.४०

इतकं गणित कशाला? सोपं उदाहरण घ्या. अमेरिकेने अंतराळात चालणारं पेन बनवायला कोट्यवधी डॉलर घातले, रशियनांनी पेन्सिल वापरली. दृष्टिकोन म्हणतात तो हा!

बंड्या_सनीव्हेलकर | ४ जून, सकाळी ९.३०

काका, ही गोष्ट माझ्या तीन मॅनेजरांनी मला सांगितली आहे आणि ती तिन्ही वेळा खोटीच होती :)

ते पेन पॉल फिशर नावाच्या उद्योजकाने स्वतःच्या पैशांनी बनवलं, सरकारच्या नाही. नासाने नंतर ते विकत घेतलं आणि १९६८ साली अपोलो ७ मधून ते गेलं. त्याआधी अमेरिकनही पेन्सिलीच वापरत होते. आणि रशियनांनी? १९६९ मध्ये त्यांनीही तेच फिशरचं पेन घेतलं. वजन नसलेल्या जागी पेन्सिलीचं तुटलेलं टोक खाली पडत नाही, तरंगत राहतं, कुणाच्या डोळ्यात जाईल नाहीतर यंत्रात. ग्रॅफाइटमधून वीज वाहते. लाकूड पेट घेतं. म्हणजे पेन्सिलीत सोपेपणा होता तो जमिनीवरून बघणाऱ्याला.

खवट_काका | ४ जून, सकाळी ९.४१

बरं. माझं उदाहरण मागे. पण सांगायला गोष्ट तीच चांगली होती.

मृदगंधा | ४ जून, दुपारी १२.१०

विरोधी सूर लावते, रागावू नका.

"दृष्टिकोन बदला" हे वाक्य नेहमी वरून खालीच का येतं? आमच्या ऑफिसात दोन वर्षं चार जणांचं काम दोघी करत होतो, दोन जागा रिकाम्या. मी लेखी दिलं. त्यावर आम्हाला एक दिवसाच्या शिबिराला पाठवलं. तिथल्या बाईंनी अर्धा भरलेला पेला दाखवला आणि ताण कामात नसतो, कामाकडे बघण्यात असतो असं सांगितलं. दुपारी जेवायला पनीर होतं. दुसऱ्या दिवशी टेबलावर त्याच फायली. सासरीही तेच. पहाटे पाचला उठणारीनेच बाजू बदलून बघायचं, आठला उठणाऱ्याला कुणी तसं सांगत नाही.

वरची उदाहरणं मला पटली, पण त्यात गवंड्यांनी धागाकर्त्याला "ओल गोड मानून घ्या" असं सांगितलेलं नाही. पाइप दुरुस्त झाला. हा फरक इथे होणार असेल तर मी पुढे वाचते.

उखाणेवाली | ४ जून, दुपारी १२.३०

मृदगंधा, टाळ्या. पनीरसकट.

गुहागरी_नारळ | ४ जून, संध्याकाळी ६.५५

मृदगंधाताईंनी दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. आमचं सांगतो, उपाय की माघार ते तुम्हीच ठरवा.

आमच्याकडे वानरं. पूर्वी गोफण आणि फटाक्यांनी जायची. आता फटाका वाजला की पाच मिनिटं लांबच्या झाडावर बसतात, परत हजर. शहाळी फोडून टाकतात, भाजीचा वेल मुळासकट ओढतात. जाळी केली, कुत्रे पाळले, एक वर्ष राखणदार ठेवला. राखणदार जेवायला गेला की वानरं जेवायला येत. मग वडील म्हणाले, ती काय खातात ते खूप बघितलं, काय खात नाहीत ते बघू. परसातली हळद कधी कुणी हुंगलीसुद्धा नव्हती. आता घरामागच्या वीस गुंठ्यांत हळद आहे. रानडुकरंही तिच्या वाटेला फारशी जात नाहीत.

हळदीत दोन पैसे मिळतात, खोटं कशाला बोलू. पण भाजी विकत आणतो. कोकणातला माणूस चिबूड बाजारातून आणतो, यापुढे काय सांगू.

मृदगंधा | ४ जून, संध्याकाळी ७.२०

दोन्ही. आणि चिबुडाबद्दल मनापासून वाईट वाटलं.

चकलीचा_काटा | ४ जून, रात्री ८.०२

आमच्या आजीचा दृष्टिकोन एका दिवसात बदलला. मोतीबिंदूचं ऑपरेशन. घरी आली, डोळ्यावरचा हिरवा पडदा वर केला आणि म्हणाली, "भिंती पांढऱ्या आहेत?" तिला त्या वर्षानुवर्षं पिवळट वाटत होत्या. मग पंख्याकडे बघितलं, मग ओट्यामागच्या टाइल्सकडे, मग आईकडे. त्यापुढचा महिना घरात जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई म्हणते, दुसरा डोळा जरा सावकाश करू.

पुरंदरची_अंजिरं | ५ जून, सकाळी १०.१०

जरा मोठं लिहितो, कारण याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही आणि ते आमच्याच तालुक्यातलं आहे.

१९७२चा दुष्काळ. विलासराव साळुंखे नावाचे इंजिनियर, पुण्यात स्वतःचा कारखाना. पुरंदरमध्ये आले आणि नायगावला देवस्थानाची ४० एकर माळरान जमीन करायला घेतली. बांध घातले, पाणी अडवलं, उपसा केला. इथवर दुसरंही कुणी केलं असतं. खरी गोम वाटपात आहे.

आपल्याकडे पाणी जमिनीच्या मागे जातं. ज्याची जमीन जास्त, त्याला पाणी जास्त, ज्याला जमीन नाही त्याला पाण्याशी काय करायचंय? साळुंख्यांनी माणसं मोजली. माणशी अर्ध्या एकरापुरतं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. वीस एकरवाल्यालाही तेवढंच. भूमिहीनालाही हक्क. पाण्याचा हक्क जमिनीला बांधलेला नाही, त्यामुळे जमीन विकली तरी पाणी विकलं जात नाही. आणि ऊस लावायचा नाही, कारण तो एकटाच सगळ्यांचं पिऊन टाकतो. हीच पाणी पंचायत. १९७४ला ग्रामगौरव प्रतिष्ठान निघालं, पुढे आसपासच्या गावांत अशा योजना झाल्या.

आमचे आजोबा सांगायचे की पहिल्या बैठकांना लोक उठून जात. चार एकरवाला म्हणे, माझ्या पोरांना कमी आणि ज्याच्याकडे वावर नाही त्याला पाणी? तो पाण्याचं करणार काय? उत्तर साधं होतं. तो दुसऱ्याचं वावर वाट्याने करेल, नाहीतर आपलं पाणी दुसऱ्याला देऊन त्याचं पीक वाटून घेईल. रोजगार हमीच्या खडीवर जाण्यापेक्षा बरं. मृदगंधाताई, इथे बाजू बदलायला कुणाला सांगितलं बघा. मोठ्या जमिनीवाल्याला.

मात्र पुढे सरकारने ते सगळीकडे उचललं नाही आणि राज्यभर उसाचं काय झालं ते आपण बघतोच. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

खवट_काका | ५ जून, सकाळी १०.४५

काढू नका. मागच्या वेळी उसाच्या धाग्यावर ४०० प्रतिसाद झाले होते आणि दोन सदस्य कायमचे गेले.

वाचनमात्र_१ | ५ जून, दुपारी ४.३०

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते पुरंदरकरांच्या प्रतिसादामुळे. तसंच गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने केलं. आजारी नवजात बाळ दवाखान्यात कसं पोचवायचं यावर सगळे डोकं खाजवत होते. रस्ता नाही, पावसात नदी आडवी, आणि बाळंतीण घराबाहेर पडत नाही. त्यांनी बाळाला घरीच ठेवलं आणि उपचार तिथे नेले. गावातल्याच बाईला शिकवायचं, बाळाला ऊब देणं, वजन करणं, जंतुसंसर्ग ओळखणं, अगदी इंजेक्शन देणंसुद्धा. त्याचे निकाल १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते.

मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते मण्यांचं यंत्र. न्यूमोनिया ओळखायला मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. दाईला साठपर्यंत आकडे येत नाहीत. मग आधी साक्षरता वर्ग घ्यायचे का? त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मणी दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याला पोचलात तर न्यूमोनिया. ज्या बाईला अडाणी म्हणून बाजूला बसवलं होतं तिच्या हातात निदान आलं.

८_१२_ची_लोकल | ५ जून, संध्याकाळी ७.४८

हे सगळं भारी आहे, पण धागाकर्त्याच्या बाबांना आपण विसरलो की. माझा सल्ला: छत्री द्या. लांब दांड्याची, वाकड्या मुठीची. म्हातारपणाची काठी कुणाला नको असते, पण पावसाळ्यात छत्री घेऊन कुणीही फिरतं. आमच्या मामांना असंच फसवलं होतं.

पावसाळी_दुपार | ५ जून, रात्री ९.१५

वा! हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच आणतो.

फिजिओ_ताई | ५ जून, रात्री १०.०५

थांबा, थांबा. आणू नका!

मी रोज पडलेली माणसं बघते. छत्रीचं टोक धातूचं नाहीतर गुळगुळीत प्लास्टिकचं, ओल्या फरशीवर सर्रकन सरकतं. दांडा माणसाचं वजन पेलायला केलेलाच नसतो. आधार म्हणून टेकलेली गोष्ट ऐन वेळी सरकली तर आधार नसल्यापेक्षा वाईट. खाली रबरी बूच असलेल्या मजबूत काठी-छत्र्या मिळतात, त्या वेगळ्या.

आणि मला आधी दोन गोष्टी सांगा. बाबा काठी कोणत्या हातात धरतात? आणि पायात रोजच्या चपला घालून, हात सैल सोडून ते सरळ उभे राहिले तर काठीची मूठ त्यांच्या मनगटाच्या घडीशी येते का?

पावसाळी_दुपार | ५ जून, रात्री १०.२०

उजव्या हातात. गुडघा उजवाच दुखतो ना. मूठ बघितली नाही, बाबा झोपलेत.

फिजिओ_ताई | ५ जून, रात्री १०.३१

सगळे असंच करतात. दुखरा पाय उजवा तर काठी डाव्या हातात. चालताना उजवा पाय आणि डावा हात तसेही एकत्र पुढे जातात, तेव्हा उजव्या पायावर येणारा भार काठी वाटून घेते. त्याच बाजूला धरली की माणूस दुखऱ्या अंगावरच झुकतो. उद्या उंची मोजून सांगा.

मृदगंधा | ५ जून, रात्री १०.४०

आणि एक विचारू? "ती दादाची आहे" असं ते म्हणतात, त्यावर तुम्ही पुढे काय विचारलंत?

पावसाळी_दुपार | ५ जून, रात्री १०.५२

काही नाही. आम्ही गप्प बसतो. काकांचा विषय निघाला की आई डोळे पुसते.

शून्य_ते_नऊ | ६ जून, सकाळी ७.०५

तोवर सिंहगडाचं उत्तर. कुणीच प्रयत्न केला नाही, नोंद घेतली आहे. दोन दिवसांऐवजी एकाच दिवशी दोन माणसं चालवा. सहाला एक खालून निघालं, सहालाच एक वरून. वाट एकच, तेव्हा कुठेतरी समोरासमोर येणारच. तीच ती जागा.

खवट_काका | ६ जून, सकाळी ७.३०

आणि त्यातला एक ताक प्यायला थांबला असेल तर?

शून्य_ते_नऊ | ६ जून, सकाळी ७.३४

तर दुसरा त्याला ताकवालीपाशी भेटेल, काका.

पावसाळी_दुपार | ६ जून, सकाळी ११.४०

मोजली. हसू का रडू कळत नाही.

बाबांना चपला घालून दारात उभं केलं, बायकोने शिवणाची टेप धरली. मनगट जमिनीपासून ३२ इंच. काठी ३६. काका सहा फूट होते, बाबा पाच फूट चार. इतकी उंच काठी टेकायची म्हणजे खांदा वर उचलूनच चालावं लागतं, आणि दोन दिवसांत त्यांचा खांदा दुखायला लागायचा. म्हणून ती दाराआड.

मी म्हटलं, बाबा, आधी का नाही बोललात? ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच ७९चा आहे. "रोज सांगतोय की, ती दादाची आहे. दादाच्या मापाची. त्याची पँट मला दिलीत तर मी घालीन का?"

चार महिने आम्ही काकांचा फोटो नजरेआड ठेवला होता, बाबांना त्रास नको म्हणून.

मृदगंधा | ६ जून, सकाळी ११.४८

फोटो आधी परत लावा.

फिजिओ_ताई | ६ जून, दुपारी १२.१५

कापण्याआधी बाजारातून नवीन रबरी बूच आणा आणि त्याच्या तळाची जाडी मोजा. ती धरून एकूण ३२ यायला हवी. आधी थोडी जास्तच ठेवा, कापलेलं परत जोडता येत नाही. मुठीवर हात ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेलं हवं. बूच झिजून गुळगुळीत झालं की बदलायचं, दहावीस रुपये वाचवायला जाऊ नका. आणि गुडघा एकदा डॉक्टरांना दाखवाच, काठीने तो बरा होत नाही.

चकलीचा_काटा | ६ जून, दुपारी १२.३०

शिसवी काठी कापणार? काकांचा आत्मा वाकून दारातून आत येईल.

पावसाळी_दुपार | ९ जून, संध्याकाळी ६.१०

कापली. करवत मी धरली होती, पण बाबांनी दोन मिनिटांत काढून घेतली, "तिरकी जातेय" म्हणून. स्वतःच कापली, कानशीने कड घासली, बूच बसवलं. उरलेला साडेतीन इंचांचा तुकडा काकांच्या फोटोपुढे ठेवलाय.

डाव्या हाताची सवय व्हायला वेळ लागतोय. उंबऱ्याशी आले की काठी आपोआप उजव्या हातात जाते, मग आई स्वयंपाकघरातून ओरडते, "डावा!" पण आज देवळापर्यंत जाऊन आले. काठी दाराआड नाही, खुर्चीला टेकवलेली आहे.

गुहागरी_नारळ | ९ जून, संध्याकाळी ६.४०

बाबांना नमस्कार सांगा. या बाजूला आलात तर हळद घेऊन जा. चिबूड विचारू नका.

८_१२_ची_लोकल | ९ जून, संध्याकाळी ७.०२

छत्रीचा सल्ला मागे घेतो. मामांना आज फोन करून टोक बघायला सांगितलं, गुळगुळीतच निघालं.

चकलीचा_काटा | ९ जून, संध्याकाळी ७.०५

सगळं छान झालं. आता गवंड्यांचा नंबर?

पावसाळी_दुपार | ९ जून, संध्याकाळी ७.३०

व्यनि केलाय. पण ते येण्याआधी पेन्सिल शोधून ठेवा. आमच्याकडे तीच सापडत नव्हती, शेवटी बायकोने आयब्रो पेन्सिल दिली. ती रेघ भिंतीवरून अजून गेलेली नाही.